आयआयटीची थट्टा करणारी पोस्ट कशी तपासावी

जानेवारी २०२४ मध्ये आयआयटी मुंबईने जाहीर केलं की त्या हंगामात ८५ विद्यार्थ्यांना वर्षाला एक कोटीच्या वरचं पॅकेज मिळालं. पाठोपाठ संस्थेनेच दुरुस्ती केली: ८५ नाही, २२. एप्रिलमध्ये उलट्या दिशेचा आकडा फिरायला लागला, की याच संस्थेतल्या ३६ टक्के मुलांना अजून नोकरी नाही. चार महिन्यांच्या आत एकाच कॅम्पसबद्दल ‘कोट्यधीश पोरं’ आणि ‘बेकार पोरं’ या दोन्ही थट्टांना लागणारा माल बाजारात आला होता.

आयआयटीवरच्या थट्टेत निव्वळ थाप क्वचित सापडते. बहुतेक वेळा आत एक खरा आकडा असतो, पण तो कितीपैकी, कोणत्या वर्षाचा आणि कोणाचा, हे गळून गेलेलं असतं. गळालेलं परत कसं जोडायचं, त्याची पद्धत इथे देत आहोत. जेईईच्या वाटेवरची मुलं, त्यांचे आईवडील, सध्या आयआयटीत शिकणारे आणि मराठीत अशी पानं चालवणारे, या सगळ्यांना ती वापरता येईल.

थट्टा इतकी का होते

हे आधी कळायला हवं, नाहीतर तपासायचं काय तेच ठरत नाही.

पहिलं कारण गणिताचं. २०२४ मध्ये जेईई मेन सुमारे १४ लाख मुलांनी दिली. वरच्या अडीच लाखांना पुढच्या, म्हणजे ॲडव्हान्स परीक्षेला बसायची मुभा होती, प्रत्यक्षात १,८०,२०० बसली, ४८,२४८ पात्र ठरली आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या १७,७४०. म्हणजे मेन देणाऱ्या दर शंभरात जेमतेम सव्वा. सगळ्यांनी आयआयटीच धरलेली नसते, एनआयटीसाठी मेन देणारे पुष्कळ असतात. तरी दरवर्षी लाखो घरांत आयआयटी हे नाव क्लासची फी, पहाटेचा अभ्यास आणि न लागलेला नंबर या रूपात येऊन जातं.

यावरून थट्टा करणारा प्रत्येक जण जळतो आहे असं समजायचा मोह होतो, आणि कमेंटमध्ये ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ लगेच पडतं. ते चूक आहे, कारण पुढची तीन कारणं हेव्याशी संबंधित नाहीत.

दुसरं कारण सार्वजनिक पैशाचं. खरगपूर १९५१ साली हिजलीच्या जुन्या बंदिछावणीत सुरू झालं, पवई, म्हणजे आयआयटी मुंबई, १९५८ साली युनेस्को आणि सोव्हिएत संघाच्या मदतीने. खरगपूरला १९५६ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, पवईला १९६१ च्या. राष्ट्राच्या नावाने उभ्या केलेल्या संस्थेला राष्ट्रातल्या कोणीही जाब विचारू शकतो, आणि टिंगल ही जाब विचारायची सगळ्यात स्वस्त रीत आहे. हा हक्क नाकारू नये.

तिसरं कारण शिक्क्याचं. सतराव्या-अठराव्या वर्षी मिळालेला क्रमांक काही जण चाळिशीतही नावापुढे लावतात. माध्यमंही तेच करतात: २०२५ च्या प्रयागराज कुंभात एका साधूची ओळख ‘आयआयटीवाले बाबा’ अशीच झाली. शिक्का जितका ठळक, तितका तो खोडायला हात पुढे येतो. त्यात क्लासवाल्यांचे फ्लेक्स. चौकाचौकांत टॉपरचे चेहरे लावून विकलेलं स्वप्न ज्यांच्या वाट्याला आलं नाही, त्यांचा राग क्लासपेक्षा आयआयटीवर जास्त निघतो, कारण फ्लेक्सवर नाव तिचं मोठं असतं.

चौथं कारण सहसा लक्षात येत नाही: या थट्टेचा मोठा भाग आतूनच येतो. सतत पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्याला ‘मग्गू’ म्हणायची रीत वसतिगृहातली. सीपीआय (सत्रागणिक गुणांची एकत्रित सरासरी), मेस, प्रोफेसर यांवरचे विनोद आधी आतल्यांनी आतल्यांसाठी केलेले असतात. ते कॅम्पसच्या फाटकाबाहेर पडले की स्वतःची चेष्टा न राहता बाहेरच्यांच्या तोंडी निकालपत्र बनतात. म्हणून विनोद मूळचा कोणाचा, हे पाहणं तपासणीत मोडतं.

एक सूचना इथेच. हार्वर्ड किंवा ऑक्सफर्डवरचं मीम उचलून त्यात पवईचा फोटो चिकटवलेला दिसला, तर ते तिथेच बाजूला ठेवा. हार्वर्डची टिंगल होते ती मुख्यतः माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना प्रवेशात मिळणाऱ्या झुकत्या मापावरून. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या प्रवेश घोटाळ्यात येल, स्टॅनफर्ड, सदर्न कॅलिफोर्निया ही नावं होती. आयआयटीच्या बी. टेक.ला माजी विद्यार्थ्यांचा कोटा नाही, मॅनेजमेंटच्या जागा नाहीत. इन्फोसिसचे सहसंस्थापक आणि इथलेच माजी विद्यार्थी नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. त्या देणगीने कोणाच्याही नातवाचा जेईईतला एक गुण वाढत नाही. आयआयटीबाबत खरा प्रश्न बापाच्या ओळखीचा नसून बापाच्या ऐपतीचा आहे: दोन वर्षांचा क्लास, शहरातली खोली, इंग्रजी पुस्तकं. उसन्या मीममध्ये हा प्रश्न येतच नाही.

पोस्टचे तुकडे पाडा

कागद घ्या आणि पोस्टमधून एवढ्याच गोष्टी वेगळ्या काढा.

दावा: पोस्टमध्ये तपासता येईल असं एक वाक्य कोणतं? ‘आयआयटीवाले माजोरडे असतात’ हा दावा नाही, मत आहे. त्याच्या मागे लागू नका. ‘३६ टक्के बेकार’ हा दावा आहे.

माप: कितीपैकी किती, कोणत्या वर्षी, कोणत्या आयआयटीत, कोणत्या पदवीला. यातलं जे पोस्टमध्ये नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह घाला. दोनहून जास्त प्रश्नचिन्हं आली तर ती पोस्ट तशीच पुढे पाठवायच्या लायकीची नाही, मग आकडा खरा असला तरी.

टोला: विनोद कोणावर पडतो? संस्थेवर, सरकारवर, जाहिरातीवर, की एखाद्या विद्यार्थ्यावर, जातीवर, बाईवर? दावा खरा निघाला तरी टोला चुकीच्या माणसावर असू शकतो. ही पायरी लोक हमखास गाळतात.

मापात ‘कोण’ हा शब्द नीट पाहा. ‘आयआयटीत शिकलेला’ या दोन शब्दांत जेईई देऊन बी. टेक. केलेला येतो, गेट देऊन एम. टेक. केलेला येतो, पीएचडीवाला येतो, कॅटमधून एमबीए केलेला येतो आणि आयआयटी मद्रासचा २०२० साली सुरू झालेला ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम जेईईशिवाय करणाराही येतो. सगळे रीतसर विद्यार्थीच आहेत, कोणी खोटा नाही. पण एकाच्या पगारावरून दुसऱ्याची टिंगल केली की हिशोब बसत नाही. ट्रिपल आयटी आणि एनआयटी या वेगळ्या संस्था, त्यांच्या बातम्याही आयआयटीच्या नावावर खपतात. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आणि कधी आला होता ते बघा. जुन्या बातमीचा तारीख कापलेला स्क्रीनशॉट हा सर्वात नेहमीचा प्रकार आहे.

पॅकेजची थट्टा: इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त पोस्ट याच विषयावर असतात आणि गफलतही इथेच सर्वाधिक होते.

सुरुवात छेदापासून करा. आयआयटी मुंबईच्या २०२३-२४ च्या हंगामात २,४१४ विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, १,९७९ जण प्रत्यक्ष प्रक्रियेत उतरले, १,४७५ जणांनी नोकरी स्वीकारली. १,९७९ ने भागलं तर साधारण ७५ टक्के येतात, २,४१४ ने भागलं तर ६१. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. संस्थेच्या बाजूने बोलणारा पहिला घेतो, खिल्ली उडवणारा दुसरा. तुम्ही दोन्ही लिहा. नोंदणी करून न उतरलेल्यांत पुढच्या शिक्षणाला निघालेले असतात, बाहेरून नोकरी मिळवलेले असतात, आणि धीर सोडून बाजूला झालेलेही असू शकतात. ही विभागणी हाती येईपर्यंत कोणतीही एक टक्केवारी पूर्ण सत्य म्हणून मांडता येत नाही.

मग वेळ. प्लेसमेंटचा हंगाम डिसेंबरात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. एप्रिल २०२४ मधला ‘३६ टक्के’ हा आकडा हंगाम संपायच्या आधीचा होता. संस्थेने उत्तर म्हणून सर्वेक्षण पुढे केलं: कॅम्पसमधून नोकरी ५७.१ टक्के, बाहेरून १०.३, उच्च शिक्षण १२.२, सार्वजनिक सेवा ८.३, अजून शोधात ६.१. उत्तर चांगलं होतं, पण ते २०२२-२३ च्या तुकडीचं होतं आणि आरोप २०२३-२४ च्या तुकडीबद्दल. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मुलांबद्दल बोलत होत्या. असा सामना दिसला की दोन्ही आकड्यांपुढे वर्ष लिहा, निम्मा वाद तिथेच संपतो.

तिसरं म्हणजे सरासरी. त्याच २०२३-२४ मध्ये आयआयटी मुंबईचं सरासरी पॅकेज २३.५ लाख होतं, मध्यक १७.९२ लाख. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. फरक का पडतो ते दहा मुलांच्या काल्पनिक वर्गावर करून पाहा: नऊ जणांना १५ लाख, एकाला १ कोटी ६५ लाख. बेरीज ३ कोटी, सरासरी ३० लाख. वर्गात ३० लाख कोणालाच मिळत नाहीत. मध्यक १५. त्या हंगामात मुंबईत ४ ते ६ लाखांच्या नोकऱ्या घेणारेही दहा जण होते, आणि ‘आयआयटी करून चार लाख’ ही थट्टा त्यांच्यावर उभी राहिली. १,४७५ मधले दहा, हे त्या थट्टेत येत नाही. एखाद्या संस्थेने फक्त सरासरी जाहीर केली असेल तर मध्यक मागा. तो एनआयआरएफच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीच्या संकेतस्थळावर, संस्थेने स्वतः भरलेल्या माहितीत, पदवीनिहाय सापडतो. ही माहिती संस्थेने दिलेली असते, म्हणून तिला अंतिम पुरावा मानू नका. तुलनेला मात्र ती पुरेशी आहे.

चौथं, पॅकेज फोडून पाहा. सीटीसी, म्हणजे कंपनीला एका माणसामागे पडणारा एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नव्हे. एक कोटीचं एक काल्पनिक पॅकेज असं असू शकतं: मूळ पगार आणि भत्ते ३२ लाख, जॉइनिंग बोनस १० लाख, कामगिरीवरचा बोनस ५ लाख, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी ३ लाख, आणि ५० लाखांचे शेअर. शेअर चार वर्षांत वाटून मिळतात, साधारणपणे पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरच पहिला चौथा हिस्सा हाती येतो. जॉइनिंग बोनस एकदाच मिळतो, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बहुतेक ठिकाणी परत द्यावा लागतो. म्हणजे दुसऱ्या वर्षी हिशोब ३२, ५, ३ आणि शेअरचे साडेबारा, मिळून साडेबावन्न लाख, तेही शेअरचा भाव टिकला तर आणि प्राप्तिकराच्या आधी. बातमीतला ‘कोटी’ आणि बँकेतली रक्कम यांत एवढं अंतर पडतं.

परदेशातली ऑफर असेल तर चलन पाहा. १,२०,००० डॉलर गुणिले ८५ म्हणजे १ कोटी २ लाख. आकडा बरोबर, पण तिथलं घरभाडं, कर आणि आरोग्यविमा डॉलरमध्येच जातो. रुपयात फिरवून केलेल्या बातमीने हेवाही वाढतो आणि टिंगलही, आणि दोन्ही चुकीच्या पायावर.

पोस्ट क्लासच्या जाहिरातीतून आली असेल तर वेगळी कसोटी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, टॉपरचा फोटो लावताना त्याने कोणता कोर्स घेतला, किती काळाचा, पैसे भरून की नाही, हे सांगावं लागतं आणि निकालानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. फ्लेक्सवर एवढा मजकूर नसेल तर त्यावरून कोणत्याही आयआयटीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

‘आमच्या पैशावर शिकतात आणि अमेरिकेत पळतात’

यातले दोन दावे वेगळे करा.

पैशाचा दावा तपासायचा सोपा दिसणारा रस्ता म्हणजे भागाकार. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयआयटींसाठी सुमारे १०,३०० कोटींची तरतूद होती. २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात २३ आयआयटींतली विद्यार्थिसंख्या १.३५ लाख सांगितली गेली. भागल्यावर माणशी वर्षाला साडेसात लाखांच्या वर येतात, आणि हाच आकडा पोस्टमध्ये ‘एका बी. टेक.वाल्यावर सरकारचा खर्च’ म्हणून छापला जातो. तो तसा नाही. त्या रकमेत नव्या संस्थांच्या इमारती आहेत, प्रयोगशाळा आहेत, संशोधन आहे, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आहे, जी २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आहे. बी. टेक.ची मुलं हा त्या १.३५ लाखांचा फक्त एक भाग.

दुसऱ्या बाजूची पोस्टही तपासा. ‘आम्ही पूर्ण फी भरतो’ हे बरोबर नाही. बी. टेक.ची शिकवणी फी २०१६ मध्ये वर्षाला ९०,००० वरून २ लाख झाली. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत असेल तरी माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ. पूर्ण फी भरणाऱ्यालाही जे मिळतं ते २ लाखांत उभं राहत नाही. अनुदान खरं आहे. किती आहे, एवढाच वाद.

परदेशाच्या दाव्याचं एक चांगलं मोजमाप उपलब्ध आहे. २०१० च्या जेईईत पहिल्या १,००० आलेल्यांचा माग अर्थशास्त्रज्ञांनी काढला. त्यातले ३६ टक्के देशाबाहेर गेले होते. फक्त पहिले १०० घेतले तर ६२ टक्के. म्हणून ‘सगळे पळतात’ हे खोटं, ‘बहुतेक इथेच राहतात’ हे पहिल्या हजाराला खरं आणि पहिल्या शंभराला खोटं. वाद घालणारे दोघे आपापल्या सोयीची रेघ मारतात. कोणी टक्केवारी फेकली की एकच प्रश्न विचारा: कितव्या क्रमांकापर्यंत?

आमच्या मते या थट्टेत तथ्य आहे आणि ती मरू नये, कारण ती सरकारला विचारलेला धोरणाचा प्रश्न आहे. बिघाड होतो तो हा प्रश्न बावीस वर्षांच्या पोराच्या प्रोफाइलखाली जाऊन विचारल्याने.

कोट्यावरची थट्टा

इथे चूक बहुधा आकडा वाचण्यात असते, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. म्हणून सावकाश वाचा.

जागांची विभागणी कायद्याने ठरलेली आहे: अनुसूचित जाती १५ टक्के, जमाती ७.५, इतर मागासवर्ग २७, आर्थिकदृष्ट्या दुर्बळ १०, आणि प्रत्येक गटात दिव्यांगांसाठी ५. इतर मागासवर्गाचं आरक्षण २००८ पासून लागू झालं, दुर्बळ घटकांचं २०१९ पासून.

आयआयटींच्या जागांचं वाटप करणाऱ्या जोसाच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीचे सुरुवातीचे आणि शेवटचे क्रमांक उघड असतात. त्याचा स्क्रीनशॉट काढून ‘बघा, किती मागचा क्रमांक’ किंवा ‘बघा, किती पुढचा’ असं लिहिणाऱ्या पोस्टमध्ये नेहमीची चूक अशी: खुल्या जागांपुढे सर्वसाधारण यादीतला क्रमांक असतो, राखीव जागांपुढे त्या त्या प्रवर्गाच्या यादीतला. या दोन वेगळ्या याद्या आहेत, त्यांची वजाबाकी करता येत नाही. क्रमांकापुढे ‘पी’ असेल तर तो एक वर्षाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाचा, थेट पहिल्या वर्षाचा नव्हे.

दुसरी चूक पात्रता गुणांची. २०२४ च्या ॲडव्हान्समध्ये सर्वसाधारण यादीसाठी किमान गुण ३६० पैकी १०९ होते, म्हणजे तीस टक्के. ‘तीस टक्क्यांत आयआयटी’ अशी पोस्ट यावरून होते. १०९ ला नाव यादीत येतं, जागा मिळेलच असं नाही. पात्र ४८,२४८ आणि जागा १७,७४०, हे वर आलंच आहे. आयआयटी मुंबईचं संगणकशास्त्र खुल्या यादीत अलीकडे साधारण सत्तरच्या आत बंद होतं. शिवाय या पेपरची रचनाच अशी असते की फार थोड्यांना फार गुण मिळावेत. बोर्डाच्या टक्क्यांचं माप त्याला लावणं चूक आहे.

मुलींच्या जागांबद्दलही हेच. २०१६ मध्ये प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम ८ टक्के होत्या. २०१८ पासून सुपरन्यूमररी, म्हणजे जादा जागा आल्या, उद्दिष्ट १४ टक्क्यांपासून सुरू करून २०२० पर्यंत २० टक्के. या जागा मूळ संख्येवर वाढवलेल्या आहेत. ‘मुलांच्या जागा कापल्या’ हे चूक.

आकडे दुरुस्त केल्यावरही टोला पाहायचा राहतो. प्रवेशाच्या धोरणावर वाद घालता येतो. ‘कोट्यातला’ हे लेबल वर्गातल्या मुलाला लावणं हा वाद नाही, ती अवहेलना आहे, आणि ती विनोदाच्या वेष्टनात आली म्हणून सौम्य होत नाही. अशी पोस्ट दुरुस्त करून पुढे पाठवू नका, पाठवूच नका.

‘पढतमूर्ख’, ‘मुलींशी बोलता येत नाही’

हे मोजता येत नाही, म्हणून फार वेळ देऊ नका. फक्त मूळ लक्षात ठेवा. दोन वर्षं क्लास आणि खोली, मग शंभरात आठ मुली असलेला वर्ग. या परिस्थितीतून जो अवघडलेपणा येतो तो स्वभाव म्हणून रंगवला जातो. परिस्थिती बदलते आहे, चित्र जुनंच चालतं. पवईतच १९७१ पासून मूड इंडिगो हा विद्यार्थ्यांचा सांस्कृतिक महोत्सव भरतो. नाटक, संगीत, वादविवाद करणाऱ्यांना या साच्यात जागा नाही.

मृत्यूवरच्या पोस्ट

विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर ‘एवढं प्रेशर झेपत नाही तर’ या चालीच्या पोस्ट येतात. इथे तपासणी करून मग शेअर, असा क्रम नाही. नाव, फोटो, चिठ्ठी, पद्धत यातलं काहीही पुढे पाठवू नका. कारण एका ओळीत सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका, मग ते कारण अभ्यास असो, जात असो की प्रेमप्रकरण. संस्थेला जाब विचारायचा असेल तर संसदेत शिक्षण मंत्रालयाने दिलेली लेखी उत्तरं वाचा, ती संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि संस्थेत समुपदेशक किती, विद्यार्थी किती, हे विचारा. कोणाला आत्ता मदत हवी असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

आकडा कुठेच मिळत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा. आयआयटी सार्वजनिक प्राधिकरण आहे, २००५ चा कायदा तिला लागू आहे. केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. कायद्यानुसार त्या भागाच्या राजभाषेतला अर्ज चालतो, म्हणजे पवईसाठी मराठी. पोस्टाने पाठवायचा तर हे लक्षात ठेवा.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘प्लेसमेंट का घसरलं?’ असं विचारलं तर कारण सांगणं हे माहिती देण्यात मोडत नाही असं उत्तर येतं. त्याऐवजी तक्ता मागा: अमुक वर्षी पदवीनिहाय आणि शाखानिहाय नोंदणी केलेले, प्रत्यक्ष सहभागी, नोकरी स्वीकारलेले, स्वीकारलेल्या पॅकेजचा मध्यक, सर्वात कमी पॅकेज. कंपनीचं नाव आणि विद्यार्थ्याचं नाव मागू नका. व्यापारी गुपित आणि वैयक्तिक माहिती ही कलम ८ मधली कारणं दाखवून नकार येतो आणि कधी कधी सगळाच अर्ज अडकतो. उत्तर अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

उत्तर द्यायचं असेल तर

आयआयटीत शिकणाऱ्यांसाठी आधी: स्वतःचा क्रमांक उत्तरात लिहू नका. थट्टा शिक्क्याची चालली असेल तर शिक्का दाखवून ती वाढते. दावा चूक असेल तर चूक काय ते एका ओळीत, बरोबर आकडा वर्षासह दुसऱ्या ओळीत, तो कुठे पाहता येईल ते तिसऱ्या ओळीत. दावा बरोबर असेल तर तसं म्हणा. कॅम्पसवर जातिभेद होतो, वसतिगृहाच्या मेसमधल्या ‘फक्त शाकाहारी’ टेबलांवरून २०२३ मध्ये पवईत वाद झाला, हे जगजाहीर आहे. ते नाकारणाऱ्या उत्तराने बाकीच्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास जातो.

पोस्ट एखाद्या विद्यार्थ्याला नावाने किंवा जातीने लक्ष्य करत असेल तर वाद घालत बसू नका. लिंक, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट आधी काढा, कारण पोस्ट पुसली जाते. मग प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट, संस्थेच्या एससी-एसटी सेलकडे लेखी तक्रार, गरज पडल्यास सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर. त्या मुलाला विचारल्याशिवाय त्याच्या बाजूने जाहीर मोहीम काढू नका. बचावासाठी लिहिलेल्या पोस्टनेही त्याचं नाव दूरवर जातं.

पालकांसाठी: मुलाने दाखवलेलं मीम ‘अभ्यास कर’ म्हणून उडवून लावू नका. दहा मुलांच्या वर्गाचं ते सरासरीचं गणित त्याच्याबरोबर बसून करा. जेईई चुकली तर पुण्यात सीओईपी, मुंबईत व्हीजेटीआय आणि आयसीटी या चांगल्या संस्था आहेत, हे निकालाच्या दिवशी सांगण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं पटतं.

पानं चालवणाऱ्यांसाठी शेवटचं. दुरुस्ती कमेंटमध्ये टाकू नका, पोस्टच्या पहिल्या ओळीत टाका आणि जुनं चित्र काढून नवं लावा. वर्ष आणि ‘इतक्यांपैकी इतके’ हे कॅप्शनमध्ये न ठेवता चित्रावरच, मुख्य आकड्याच्या निम्म्या तरी आकाराच्या अक्षरांत लिहा. व्हॉट्सॲपवर चित्र पुढे जातं, कॅप्शन मागे राहतं.